प्रेस शॉपला हार नको

गाडी मागून आली ते मला कळलंच नाही.

कोपरला आमच्या गल्लीत मी कोथिंबिरीची जुडी घेऊन येत होती. कानात काही नाही, मोबाईल खिशात. आणि एकदम पोटरीला मागून काहीतरी गार टेकलं. अगदी हळू, कुत्रं नाक लावतं तसं. मी उडाली, वळली आणि तोंडाला आलं ते बोलली. आईबहिणीवरून पण बोलली.

काच खाली गेली. आत पप्पा.

"काय गं शिवा, बापाला शिव्या घालतेस?"

"आवाज कुठाय हिचा?"

"काय?"

"आवाज! आवाज कुठाय म्हटलं!"

पप्पांना दोनदा सांगावं लागतं. बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये आहेत ते. कोलशेतला कंपनी आहे त्यांची. तिथे पत्रा मशीनखाली ठेवतात, वरून धाडकन ठोका बसतो, आणि खाली आकार तयार. असे ठोके दिवसभर, ओळीने सगळ्या मशीनचे. त्याने कान गेलेत त्यांचे. घरी टीव्ही लावला की खालच्या मजल्यावरची काकू आमच्याच टीव्हीवर सीरियल ऐकते.

"नाहीच आहे आवाज!" पप्पा बोलले. "तीच तर मजा आहे. कानाला सुट्टी."

पांढरी गाडी, हिरवी नंबरप्लेट. इलेक्ट्रिक. सीटवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. शनिवार-रविवार चालवून बघायला कंपनीने दिलेली. तोपर्यंत गॅलरीत माणसं जमली होती, वरून कोणीतरी ओरडलं, "साईनाथ, लॉटरी लागली काय?" पप्पांना काही ऐकू आलं नाही, पण हात केला त्यांनी.

"बस. चपला झटक आधी."

मी बसली. त्यांनी बटण दाबलं. मला वाटलं आता घुर्र करेल, हलेल. काहीच नाही. फक्त समोरची स्क्रीन पेटली आणि आमची बिल्डिंग हळूहळू मागे सरकायला लागली. गाडी नाही, गल्लीच कोणीतरी ओढून नेतंय असं वाटलं.

मला नाही आवडली. रिक्षा निघायच्या आधी खोकते, स्कूटी बोंबलते, ट्रकवाला शिवी देतो. प्रत्येक गाडी निघायच्या आधी काहीतरी बोलते. ही काही बोलत नव्हती.

---

दुपारी जेवताना पप्पांनी सगळं समजावलं. भात कालवता कालवता, नेहमीच्या त्यांच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला.

गाडी घ्यायची नाही. एक दुसरी कंपनी असते, गाडी तिची. ती पप्पांच्या कंपनीला भाड्याने देणार, आणि पप्पांची कंपनी ते भाडं पगारातून परस्पर कापणार. टॅक्स लागायच्या आधीच कापणार, म्हणून टॅक्स वाचतो. इन्शुरन्स त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं, टायर गेला तर टायर पण त्यांचा. चार वर्षांनी परत द्यायची नाहीतर उरलेल्या किमतीत विकत घ्यायची.

"म्हणजे आपली की भाड्याची?" आईने विचारलं.

"वापरायला आपली."

"म्हणजे भाड्याच्या खोलीसारखं. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा."

"अगं शीला, खिळा कशाला ठोकायचाय गाडीत?"

आई शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती असं माझी आजी सांगायची. ते खरं असणार. तिने ताटात बघतच एकेक प्रश्न काढला.

"मध्येच नोकरी सोडली तर?"

"तर उरलेल्या वर्षांचं भाडं आपल्या अंगावर."

"आणि त्यांनीच काढलं तर?"

पप्पा हसले. "मला कशाला काढतील? त्या प्रेस माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत."

"बदली झाली तर?"

"गाडी बरोबर येणार. कंपनी जिथे पाठवेल तिथे."

इथे मी मध्ये पडली. "पण कंपनी एकच तर आहे. कोलशेतची. बदली काय कँटीनमध्ये करणार?"

"असतं गं तसं. कागदात सगळं लिहितात. लग्नात नाही का सात जन्म म्हणतात."

"ते पण मी वाचून केलं नव्हतं," आई बोलली.

मग चार्जिंगचा विषय निघाला. आमच्या सेक्रेटरीने आधीच नाही म्हटलेलं, मीटरवर लोड येतो म्हणून. पप्पा बोलले काही अडत नाही, कंपनीत चार चार्जिंग पॉइंट बसवलेत, फुकट.

"म्हणजे तिला जेवायला रोज कंपनीतच जायला पाहिजे," मी बोलली. "रविवारी उपाशी."

"तू गप. नववीत शाळा सोडली आणि बोलायला प्रोफेसर."

माझं डोकं सटकलं. मी ताट ढकललं. पण उठली नाही, कारण मला अजून एक गोष्ट विचारायची होती. "किती जणांना देतायत?"

पप्पांनी छाती काढली. "चौघांना. फक्त प्रेस शॉपच्या सुपरवायझरांना. मी, भगवान आणि अजून दोघं. पेंट शॉप नाही, पॅकिंग नाही. ऑफिसवाल्यांना पण नाही. गुरुदत्त साहेब स्वतः बोलले, साईनाथ, पहिला मान तुझा. दसऱ्याला पूजेनंतर सही आणि चावी, साहेबांच्या हातून."

"ऑफिसवाल्यांना का नाही?"

"कारण काम आम्ही करतो!"

आईने ताटं उचलली. पण रविवारी ती टिटवाळ्याला मावशीकडे त्या गाडीतून गेली, आणि आल्यावर चप्पल काढता काढता बोलली, "गाडीत आपण बोललेलं ऐकू येतं गं. ह्यांना पण येत होतं. मी हळू बोलली तरी." मला कळलं, हिचं पण ठरलं.

पप्पांचं तर आधीच ठरलेलं. बावीस वर्षं ते मोठागावच्या नाक्यावर डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघतात. माणकोलीचा पूल झाल्यापासून रस्ता अर्धा झाला, पण उभं राहणं तेवढंच. रविवारी गाडी परत द्यायच्या आधी ते पुसत होते तेव्हा मला बोलले, "एकदा तरी आपल्या गाडीने गेटमधून आत जायचंय. त्या धम्मपालने सॅल्यूट मारायला पाहिजे." धम्मपाल म्हणजे वॉचमन, पप्पांबरोबर पत्ते खेळणारा.



---

मी काम करते कल्याणच्या फुलमार्केटात, मंदाकिनी मावशीच्या गाळ्यावर. मावशी नात्यातली नाही, जुन्नरकडची आहे, पण सगळे मावशीच बोलतात. शाळा सोडल्यावर तीन ठिकाणी भांडून निघालेली मी, इथे टिकली. कारण मावशी माझ्यापेक्षा जास्त भांडते.

दसऱ्याच्या आधीचे दिवस म्हणजे झेंडूत गुडघ्याएवढं उभं राहायचं. बोटं पिवळी, नखं काळी. पप्पांच्या कंपनीची ऑर्डर दरवर्षी आमच्याकडेच असते. दसऱ्याला तिथे मशीनची पूजा होते, घरच्यांना आत सोडतात, लाडवाचा बॉक्स मिळतो. लहानपणापासून मी जाते. प्रत्येक मशीनला एक मोठा हार. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या कटरला सुद्धा. गुरुदत्त साहेबांचा तो नियम आहे.

साहेब म्हणजे प्लांटचे मोठे मॅनेजर. ठाण्याचे, घंटाळीजवळ राहतात, कपाळाला गंध, आवाज कधी चढत नाही. आणि धार्मिक असे की विचारू नका. एकदा अमावस्येला नवीन मशीन घेऊन ट्रक आलेला. साहेबांनी त्याला दिवसभर गेटबाहेर उभा ठेवला. ड्रायव्हर शिव्या देऊन दमला, पण मशीन दुसऱ्या दिवशी नारळ फोडूनच आत आली. पप्पा ही गोष्ट कौतुकाने सांगतात. खोटं बोलेल तो माणूस, पण देवाला फसवणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी सकाळी त्याच साहेबांचा फोन आला. मावशीचे हात ओले, म्हणून स्पीकरवर.

"मंदाकिनीबाई, नमस्कार. यंदा मोठे हार निम्मेच करा."

"निम्मे? का वो सायेब? मशिनी कमी झाल्या काय?"

"नाही नाही. पेंट शॉप, पॅकिंग आणि कॉम्प्रेसर, एवढ्यांनाच पाहिजेत. आणि एक खास हार नवीन गाडीसाठी. झेंडूत शेवंती घाला."

"आन् प्रेस शॉपला?"

 

"प्रेस शॉपला हार नको," साहेब बोलले. "त्यांची पूजा आपण नाही करायची यंदा."

मावशीने फोन ठेवला आणि हातातला दोरा पण ठेवला. ती दोरा कधी खाली ठेवत नाही.

"काटकसर करत असतील," मी बोलली.

"काटकसर करणारा माणूस शेवंती मागतो होय?" मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं नाही, सुईत बघत बोलली. "शिवे, माझ्या बापाने एकदा पोळ्याच्या आधी बैलाचा सौदा केलेला. इसार घेतला, बैल न्यायला येणार होते सण झाल्यावर. आम्हा पोरांना पत्ता नाही. पोळ्याला सगळी जनावरं रंगवली, आन् त्या एकाला नाही. मी गेरू घेऊन गेली तर बाप ओरडला, त्याला हात लावू नको, त्याची पूजा आता आपली नाही, ज्याचा बैल त्यानं करावी. तवा कळलं आम्हाला."

ती परत ओवायला लागली. मी तिथेच उभी. माझ्या पायापासून पोटापर्यंत काहीतरी गार चढत होतं, त्या दिवशी गाडी टेकली होती तसंच.

---

त्या संध्याकाळी मी घरी गेली नाही, मोठागावच्या नाक्यावर जाऊन उभी राहिली. पप्पा बसमधून उतरले, मला बघून खूश झाले.

"काय गं? न्यायला आलीस? आता चार दिवस. मग बस नाय न फिस नाय."

मी सरळ बोलली. "पप्पा, सही करू नका. प्रेस विकल्यात."

"काय?"

"प्रेस! विकल्यात तुमच्या!"

आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. पप्पांनी माझा दंड धरला आणि मला खाडीच्या बाजूला ओढलं. मी तिथे सगळं सांगितलं. फोन, निम्मे हार, मावशीचा बैल. ऐकता ऐकता त्यांचं तोंड लाल झालं.

"हारावरून? झेंडूच्या हारावरून तू माझी कंपनी विकायला निघालीस?"

"मी नाही विकली. त्यांनी विकली."

"तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही ना? शाळा स्वतः सोडायची, काम सोडायचं, आणि आता—"

हात उचलला त्यांनी. मी पण मान पुढे केली, मारा म्हटलं. हात तसाच राहिला वर. मग खाली आला, आणि त्यांनी तो हात शर्टाला पुसला, उगाच.

"प्रेस शॉपला नको म्हणाले?" त्यांनी विचारलं. आवाज हळू. माझे पप्पा हळू बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं. "कसं म्हणाले? नीट सांग."

"त्यांची पूजा आपण नाही करायची यंदा."

समोर पुलावर गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. पप्पा तिकडे बघत राहिले.

"गेल्या महिन्यात तिघं आलेले," ते बोलले. "टेप घेऊन. साहेब म्हणाले इन्शुरन्सवाले. माझ्याच प्रेसजवळ बसलेले खाली वाकून. पायाचे बोल्ट मोजत होते."

पप्पा माझ्याकडे वळले.

"इन्शुरन्सवाला बोल्ट कशाला मोजेल गं?"

मग ते कठड्यावर बसले, डबा मांडीवर घेऊन. आणि हळूहळू सगळं त्यांनीच उलगडलं, मला नाही, स्वतःलाच सांगत होते. प्रेस अशी उचलून नेता येत नाही. ती उघडायची कशी, नवीन मालकाच्या जागी केसाएवढी पण वाकडी न बसवता परत जोडायची कशी, हे चौघांनाच येतं. तीच चौघं. त्यांना गाडी. कंपनी पाठवेल तिथे गाडी बरोबर येणार. मध्येच सोडून आलं तर उरलेल्या वर्षांचं भाडं अंगावर. आणि बाकीचे, मशीनवरचे सगळे ऑपरेटर, त्यांना कशाला गाडी? त्यांना कुठे न्यायचंच नाही.

"म्हणजे सही केली तर माझी नोकरी राहिली," पप्पा बोलले. "आणि माझ्याच हाताने सगळ्यांची गेली. पान्हा माझ्याच हातात असणार."

"आणि नाही केली तर?"

"तर मी पण त्यांच्यातच."

"मग साहेबांना तोंडावर विचारा ना!"

"विचारलं तर हसतील. म्हणतील, साईनाथ, काहीतरीच." ते उठले. पँट झटकली. "आईला बोलू नकोस. तिने टिटवाळ्याच्या मावशीला सांगून ठेवलंय, दिवाळीला गाडीने येते म्हणून."

चार दिवस ते रोज कामाला गेले, रोज आले. टीव्ही लावला नाही. खालच्या काकूने येऊन विचारलं, बिघडला काय?

---

दसऱ्याला मी हारांच्या टेम्पोतून गेली, पप्पा आणि आई कंपनीच्या बसने. आईने मोरपंखी साडी नेसलेली, बॅगेत गाडीसाठी चार लिंबं आणि काळी बाहुली.

गेटवर धम्मपाल काका बोलले, "शिवा, आज बापाला सॅल्यूट ठोकायची ऑर्डर आहे. प्रॅक्टिस केलीय." आणि ठोकून दाखवला. मला हसू आलं नाही.

कोलशेतला आमच्या कंपनीच्या आजूबाजूला आता टॉवरच टॉवर. एकेकाळी तिथे पण भोंगे वाजायचे असं पप्पा सांगतात. आमचंच कंपाउंड मध्ये सपाट राहिलंय, दात पडल्यासारखं.

पेंट शॉपमध्ये हार लागले. पॅकिंगमध्ये लागले. रांगोळ्या, उदबत्त्या, लहान पोरं फुगे घेऊन पळतायत. आणि शेवटी प्रेस शॉप. सगळ्या प्रेस पुसून लख्ख. प्रत्येकीसमोर तिचा ऑपरेटर, इस्त्रीचा शर्ट, बाजूला बायको-पोरं, हातात नारळ. आणि मशीन नुसत्या. बोडक्या.

बंद प्रेस मी आधी पण बघितलेल्या, पण तेव्हा हार असायचे. आज तसं काहीच नव्हतं. एवढं मोठं शेड आणि त्यात कोणीतरी नुसतं खोकलं तरी पत्र्याला लागून परत येत होतं.

"हार कुठेत गं शिवा?" एकाने विचारलं.

"येतायत ना?" दुसरा बोलला.

मी पप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते. त्यांच्या बाजूला भगवान काका, पप्पांचे जोडीदार, एकाच वर्षी लागलेले दोघं. ते पण खाली बघत होते. मला तेव्हा वाटलं, यांना पण माहितीय.

गाड्या शेडच्या मोठ्या दारातच उभ्या केलेल्या, ओळीने चार. पुढच्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वर आमचा शेवंतीचा हार, आणि आई वाकून टायरखाली लिंबं ठेवत होती. साहेब आले. झब्बा, गंध, हातात आपट्याची पानं. बाजूला एक पोरगी टॅबलेट घेऊन, त्यावर बोटाने सही करायची.

"ये साईनाथ," साहेब म्हणाले. "पहिला मान तुझा. शुभ वेळ आहे, सही करून टाक. शीलाताई, तुम्ही पण या पुढे."

आई पदर सावरून पुढे झाली. पप्पा पण गेले. 

पप्पांनी टॅबलेटकडे बघितलं नाही. बॉनेटवरचा हार उचलला. मोठा होता, दोन्ही हातांनी उचलावा लागला. आणि वळून सरळ चालत आत गेले, पहिल्या प्रेसकडे. ती पहिली प्रेस, कामाला लागले तेव्हा त्यांना दिलेली.

"साईनाथ?" साहेब म्हणाले. "अरे, तो गाडीचा आहे."

पप्पांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. ते चालत राहिले.

"साईनाथ! त्याला नको!"

साहेबांचा आवाज चढला होता. बावीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता. शेडने तो परत फेकला. नको, नको. पोरांचे फुगे थांबले.

पप्पा हार वर धरून वळले. "का नको साहेब?"

"नको म्हणतो ना. दोष लागतो."

"आपल्याच मशीनला हार घातला तर दोष कसला?"

साहेबांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, एक साधं वाक्य पाहिजे होतं त्यांना. अरे घाल, तुझीच आहे. बस, एवढंच. खोटं बोलायला काय जातं? आणि लाडू वाटून सगळे घरी गेले असते. पण समोर समई जळत होती, आणि तो माणूस समईसमोर ते वाक्य बोलू शकला नाही. ओठ हलले, गंध घामाने ओघळला, आणि काहीच आलं नाही.

पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. एक बाई खाली बसली, पोराला मांडीवर घेऊन. एका ऑपरेटरने हातातला नारळ मशीनच्या पायाशी ठेवला, फोडला नाही. पप्पांनी हार प्रेसच्या मानेत टाकला. तो घसरला, त्यांनी परत नीट केला, पोरीची वेणी नीट करतात तसा.

आई माझ्याकडे आली. "तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. तिने माझ्या हातातली टोपली घेतली, त्यात सुटी फुलं होती, आणि ती एकेका मशीनपुढे मूठ मूठ टाकत गेली.  मग बाकीच्या बायका पण उठल्या.

साहेब तोपर्यंत सावरले होते. गंध पुसलं, आवाज परत खाली. ते पप्पांजवळ आले आणि आपट्याचं एक पान पुढे केलं. मी बाजूलाच होती, म्हणून ऐकलं.

"सोनं घे साईनाथ," ते म्हणाले. "सोन्यासारखं राहायला पाहिजे होतंस."

पप्पांनी पान घेतलं. दसऱ्याला दिलेलं सोनं नाही म्हणता येत नाही. 

"भगवान," साहेब वळून म्हणाले. "तू ये."

भगवान काका जागेवरून हलले नाहीत. पप्पा त्यांच्याकडे बघत होते. सगळं शेड बघत होतं.

"भगवान्या," पप्पा बोलले.

"कोणीतरी उघडणारच रे त्या," भगवान काका बोलले. डोळे खालीच. "मी नाही उघडल्या तर दुसरा आणतील. मला दोन पोरं आहेत, साई. तुला एकच."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि प्रेसवर हात ठेवला.

भगवान काकांनी टॅबलेटवर बोट फिरवलं. चावी घेतली. आमच्या आईची लिंबं तशीच टायरखाली होती. आमचा हार नव्हता, बॉनेटवर फक्त त्याची ओली खूण होती. ते त्याच पुढच्या गाडीत बसले, काच वर केली. मी वाट बघत होती, आता सुरू होईल. पण तिचं सुरू होणं दिसत नाही ना. दारात उभे असलेले लोक बाजूला झाले नाहीत, त्यांना कळलंच नाही मागून काय येतंय. मग एकाच्या पोटरीला टेकली असणार, तो दचकून सरकला. मग बाकीचे सरकले. कोणी शिवी दिली नाही.

लिंबं फुटली तेवढा आवाज आला. एक, मग लगेच दुसरं.

गेटवर धम्मपाल काकांनी सॅल्यूट मारला नाही. गाडी वळली आणि टॉवरच्या मागे गेली.

पप्पा अजून प्रेसला हात लावून उभे होते. बोटं झेंडूने पिवळी झालेली, माझ्यासारखी. त्यांनी गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गेला?" त्यांनी विचारलं. "मला काही ऐकू नाही आलं."